बढतीचं पान

मुलांनो, तुम्ही अमेरिकेतून पाठवलेलं, दीडशे वर्षांपूर्वीच्या तिथल्या लष्करी अधिकाऱ्याचं चरित्र मी एकटीने वाचलं नाही. आमच्या नाशिकच्या सोसायटीचे वॉचमन, सुरगाण्याकडचे निवृत्त हवालदार, रोज चार वाजता पायरीवर येऊन बसत आणि मी त्यांना ते मराठीत सांगत असे.

"आजी, सायब कुठवर आला?" असं विचारूनच ते बसायचे. अधिकाऱ्याला बढती मिळाली की चहा खाली ठेवून ताठ उभे राहायचे. कॅप्टन झाला तेव्हा उभे राहिले, मेजर झाला तेव्हाही. मला हसू आलं.

"हसू नका. पलटणीत असंच असतं."

मग साहेबाने तिथल्या मूळ रहिवाशांची गावं रिकामी केली, त्यांचं धान्य जाळलं, ते प्रकरण आलं.

"ते लोक गेले कुठं?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही."

"धरणापायी आमचं गाव उठवलं, ते पण कुठं लिहिलेलं नाय."

पुढच्याच पानावर साहेब कर्नल झाला. हवालदारांना उठायला वेळ मिळावा म्हणून मी सवयीने थांबले.

"वाचा पुढं," ते म्हणाले आणि बसल्या बसल्या चहा पीत राहिले.