सत्तेचाळिसावं गुणसूत्र

डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या एका ओळीखाली पेनानं रेघ मारली. सत्तेचाळीस, एक्स-एक्स-वाय. "देखिए, पुरुष में एक एक्स और एक वाय रहता है. आपमें एक एक्स ज्यादा है. जन्म से."

याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, माझ्या पेशीत एक जास्त. त्यामुळेच माझ्या वीर्यात शुक्राणू नव्हते. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. शाळेत वर्गात सगळ्यांत उंच, पुढे दाढी विरळ, लवकर थकणारा. यात कुणाला आजार दिसला नव्हता.

शेजारी माझी बायको मेघना बसली होती. मूल होत नाही म्हणून चार वर्षं सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या. रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे. त्या एक्स-रेला ती कळवळली, तेव्हा मी बाहेर बाकावर मोबाइल बघत होतो. माझी तपासणी पहिल्याच डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली होती. ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवून विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो.

अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी माझी आईही असते. मेघनासाठी ती रोज काढा उकळायची, वर टोमणेही मारायची. रिपोर्टनंतर आठवडाभर आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी मेघना म्हणाली, "नको सांगू. पण मग मी पण काढा नाही पिणार."

रविवारी आई आणि मेघना मेथी निवडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. "हे माझ्याकडून आलं का?" एवढंच आईनं विचारलं. गर्भ राहतानाच असं घडतं, त्यात कुणाचा दोष नसतो, हे डॉक्टरांचं म्हणणं मी तिला सांगितलं. मग ती मेघनाला म्हणाली, "मी तुला बेकारच बोलत राहिले गं."

मेघना उठून आत गेली. लगेच माफ करण्यासारखं ते नव्हतंच.

पुढे मायक्रो टेसे झालं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली वृषणात शुक्राणू शोधायचं ऑपरेशन. काही जणांना मिळतात. मला मिळाले नाहीत. परतताना रिक्षात आम्ही दोघंही रडलो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं त्यानंतरच सुरू झाली, कारण आधी दिली असती तर उरलेसुरले शुक्राणूही थांबू शकले असते. आता थकवा कमी आहे. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांचीही तपासणी होते. मूल दत्तक घ्यायचं का, यावर आम्ही अजून बोलतोय.

तुमच्या घरी मूल होत नसेल, तर बायकोबरोबर नवऱ्यानंही पहिल्याच महिन्यात तपासणी करावी. ती दुखत नाही.

जास्तीच्या गुणसूत्राची मला आता लाज वाटत नाही. त्या चार वर्षांची वाटते. मेघनाला मी हे एकदा बोलून दाखवलं.

"वाटू दे," ती म्हणाली, आणि माझ्याजवळ येऊन बसली.