कोरडी ठेवलेली नाव

त्या नावेचा मला पहिल्या दिवसापासून राग होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. वर्षभर तिनं माझं घर खाल्लं, झोप खाल्ली, नवरा खाल्ला. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्यामागं, डोंगराला टेकून बसलेलं. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा माणसं जरा वर सरकली आणि तिथंच राहिली. बाजार पल्याड, दवाखाना पल्याड, पुण्याची एस्टी पल्याड. आम्ही अल्याड. धरणवाल्यांची लाँच उन्हाळ्यात कधीतरी यायची, पावसाळ्यात तिचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. मग उरायची डोंगरातून वळसा घालून जाणारी पायवाट.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्या वाटेनं मला डोलीत घालून नेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माझी आई वारलेली, आणि आईविना माहेर म्हणजे वहिनीच्या हातचा भाकरतुकडा. म्हणून सासरीच राहिले. पोटातलं मूल पायाळू निघालं. गावच्या सुईणीनं हात टेकले. म्हणाली, "मला न्हाई झेपायचं, पल्याड न्या." श्रावणाचे दिवस, ओढे दुथडी भरलेले. अर्ध्या वाटेत एका ओढ्यापाशी माणसं डोली खाली ठेवून पाणी उतरायची वाट बघत बसली, आणि तिथंच, घोंगडीच्या आडोशाला, मी मोकळी झाले. मुलगा होता. थोडा वेळ होता आमच्यात, मग गेला.

तरी मला दवाखान्यात पोचवलं. तिथल्या नर्सबाई आमच्या ह्यांच्या अंगावर ओरडल्या, "पुढच्या खेपेला वेळेत आणा, नाहीतर आणूच नका." हे मान खाली घालून उभे राहिले. परत येतानाही काही बोलले नाहीत. आल्यावरही नाहीत. मला वाटायचं, ह्या माणसानं एकदा जवळ बसावं, मोठ्यानं रडावं. पण नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांनी ती नाव आणली. पल्याड एका पडक्या शेडमध्ये कुणा गोऱ्या साहेबाची जुनी शिडाची नाव पालथी पडली होती. साहेब रविवारी हौसेनं पाण्यावर फिरायचा म्हणे. साहेब विलायतेला गेला, नाव राहिली. तिथला राखणदार म्हणाला, "न्या तर न्या, न्हाईतर मी बंबात घालनार हाय." तरंगण्यातली ती नव्हतीच. बांबूचे भारे बांधून तराफा केला, त्यावर ही बया चढवली आणि ह्यांनी आणि माझ्या दिरानं काठाकाठानं ढकलत आणली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "जिनं मान्सं न्यायची, तिलाच वाहून आनायची पाळी. झालं आपलं कल्यान!"

नावेच्या आतल्या वाकड्या फासळ्या तेवढ्या धड होत्या. तळाच्या फळ्या बोट घातलं की भुगा. डोलकाठी वाळवीनं पोखरलेली आणि शिडात उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं केलेली. मी म्हटलं, "अवो, ह्यापरीस चूल पेटंल." ह्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खुरपं घेऊन जुना रंग खरवडायला बसले. ते जे बसले ते वर्षभर उठलेच नाहीत. दिवसभर शेतात राबायचं, सांज झाली की नावेपाशी. कशासाठी चाललंय ते मला कधी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. मला त्याचाच संताप यायचा. पोर गेल्यावर माणसानं बायकोपाशी बसावं. हे लाकडापाशी बसायचे.

कार्तिकात फणस पाडला. परसातला तो फणस सासूबाईंनी नवी नवरी असताना लावलेला. त्यांना न विचारता ह्यांनी कुऱ्हाड लावली. सासूबाई चार दिवस ह्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचा सगळा राग निघाला माझ्यावर. भाकरी जाड झाली, कालवणात मीठ नाही, पाणी गढूळ आणलं. घर फिरलं की वासेही फिरतात ते असं. फणसाच्या फळ्या कापायला करवतवाले आले तर त्यांचंही जेवणखाण मीच बघायचं. तोवर मला पुन्हा दिवस गेले होते. सकाळी भाकरीच्या वासानंसुद्धा पोटात ढवळायचं, आणि अंगणात दिवसभर करवतीची करकर.

मग हे ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेले, तिथल्या नाववाल्यांचं काम बघायला. फळ्यांच्या फटींत कापूस कसा ठासायचा, वरून राळ कशी भरायची, अंगाला तेल कसं चोळायचं, सगळं बघून आले. येताना माशाचं तेल आणलं डबाभर. देवा रे, तो वास! घरात, अंथरुणात, ह्यांच्या केसांत. मी म्हटलं, "तुमी गोठ्यात निजा." हे निमूटपणे घोंगडी उचलून गोठ्यात गेले. माणूस भांडतसुद्धा नाही म्हटल्यावर बाईनं करायचं काय?

शीड मी शिवलं. दुसरं कोण शिवणार? मांजरपाटाचे पट्टे दुहेरी करून, दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं. भात कांडून, पाणी भरून, शेणगोठा करून मग शीड. बोटांची चाळण झाली. सासूबाई समोर बसून बघायच्या आणि एके दिवशी कुणास ठाऊक काय वाटलं, दुसरं टोक ओढून घेऊन तिकडून त्याही शिवू लागल्या. आम्ही दोघी बोललो मात्र नाही. बोलायला अंगात त्राण लागतं.

चैत्रात नाव तयार झाली. आता ती जपायची. आमच्याकडं नांगराचं लाकूड, विळ्याची मूठ, कुळवाचा दांडा, सगळं चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवतात. लाकडाला पाणी लागलं की कुजलं, धूर लागला की टिकलं, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. तशी ह्यांनी नाव गोठ्यात घेतली आणि जनावरं बाहेर बांधली. दोन्ही अंगांना गोवऱ्यांची धुनी लावली. मध्येच अवकाळी सर आली तर स्वतः भिजत उभे राहिले पण छपरावर पेंढा टाकला. गावातली जाणती माणसं येऊन फळीवर टिचकी मारायची आणि म्हणायची, "खडखडीत झालीया. आता काळजी न्हाई." फळ्यांमध्ये केसाएवढ्या भेगा पडत होत्या, राळेला तडे जात होते. ते सगळ्यांना दिसत होतं. पण ते चांगलंच लक्षण वाटत होतं, लाकूड वाळल्याचं.

अक्षय तृतीयेला नाव पाण्यात सोडायची ठरली. मला सातवा लागलेला. नावेला कसं सोडतात ते आम्हाला कुठं ठाऊक? आम्ही काय कोळी! सासूबाई म्हणाल्या, "बाईमानूस हाय ती. वटी भरा तिची." मग नावेला हळदकुंकू लावलं, खणनारळानं ओटी भरली, दिरानं नारळ फोडला. दहा गड्यांनी जयजयकार करत ती पाण्यात ढकलली. हे आत उडी मारून उभे राहिले. त्या क्षणी ह्यांच्या तोंडावर हसू होतं. दोनेक वर्षांनी पहिल्यांदा मी ते बघितलं, आणि माझा राग जरासा निवला.

तेवढ्यात पाणी आलं. एखाद्या भोकातून आलं असतं तर कुणी बोळा कोंबला असता. ते सगळीकडून आलं, प्रत्येक फटीतून. ओटीचे तांदूळ तरंगायला लागले. बघता बघता नाव काठापर्यंत भरली आणि कमरेएवढ्या पाण्यात तळाला टेकली. मग मागून एक आवाज आला, "आरं, ही तर आंघुळीला आली व्हय!" आणि सगळा गाव हसला. ह्यांनी मान वर केली नाही. तसेच पाण्यात उभे. लोक गेले तरी उभे. शेवटी दिरानं हाताला धरून घरी आणलं.

घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि म्हणाले, "डोली बांधतो. आत्ताच तुला पल्याड न्हेऊन ठेवतो, कुनाच्या तरी वसरीवर ऱ्हा." वर्षभराचं साचलेलं माझ्या तोंडून तेव्हा बाहेर पडलं. मी म्हटलं, "मेले तरी त्या वाटेनं येनार न्हाई. त्या वढ्याला माझं पोर ठिवलंय. तुमी गेल्या उन्हाळ्यापासनं लाकडं तासत बसला, मी कुटं बसू?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "पुरं करा आता दोघं." त्यांचाही आवाज फाटला होता.

नाव तशीच पाण्यात पडून राहिली. तिच्याकडं कुणी जाईना. मी धुणं धुवायला जायचे तेव्हा ती बुडलेली दिसायची, नुसत्या वरच्या कडा. पाच-सात दिवस गेले असतील. धुणं आपटता आपटता माझ्या डोक्यात आलं ते सूसचं. माझं माहेर सूस, तिथं वडिलांची बैलगाडी. उन्हाळ्यात चाकं वाळून खुळखुळी झाली की वडील ती ओढ्यात टाकून ठेवायचे. लाकूड पाणी प्यायचं, फुगायचं, आणि चाकावरची लोखंडी धाव पुन्हा घट्ट बसायची. आमच्या सासरच्या गावात गाडीच नव्हती, कारण गाडीला रस्ता नव्हता. सगळं डोक्यावर नाहीतर पाठीवर. चाक भिजवायची वेळ तिथं कुणावर येणार?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चाक आन नाव एक व्हय? जखमंवर मीठ नको चोळूस." पण सासूबाईंनी ऐकलं होतं. त्या दिराला म्हणाल्या, "जा रं, पानी उपसून बघ. आनखी काय जायचं ऱ्हायलंय आपलं?" दिरानं घागरीनं पाणी उपसलं. नाव हलली, मग वर आली, मग तरंगली. संध्याकाळपर्यंत आत ओंजळभर पाणी झिरपलं असेल, जास्त नाही. हे मागाहून आले. आत उतरले, तळावर तळहात फिरवला, फटी चाचपल्या आणि मटकन खाली बसले. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र इतकं थकल्यासारखं झालं, की मी तिथंच धुण्याच्या दगडावर टेकले. ज्या पाण्यापासून महिनाभर जीव टाकून तिला जपली, त्यातच ती आठवडाभर बुडवायची होती. कोकणात नाव पाण्याकाठीच पडलेली असते, ती तिथं भिजतच असते, हे बघून कुणाच्या ध्यानात येणार होतं!

ज्येष्ठभर हे शीड चढवायला आणि उतरवायला शिकले. शिकवणारं कुणी नाही. दोनदा उलटले, एकदा वाऱ्यानं कुठल्या कुठं नेऊन टाकलं, तिथून वल्हं मारत आले. हाताची सालटी निघाली. रात्रंदिवस खालीवर नजर, आभाळाकडं नाहीतर माझ्या पोटाकडं.

आषाढात एका सकाळी कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोट चाचपलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, "हे बी पायाळूच वाटतंय." दिरानं मला उचलून नावेत ठेवलं, सासूबाई पदर खोचून माझ्या डोक्याशी बसल्या. पाऊस असा की समोरचं दिसेना. वारा मात्र घाटाकडून धरणाकडं, आम्हाला जायचं तिकडंच. ह्यांनी शीड अर्धंच चढवलं आणि नाव अशी सुटली की मी किंचाळले. पोटात कळ, वरून पाऊस, खालून लाटा. सासूबाई कधी देवाचं नाव घेत होत्या, कधी लेकाला शिव्या देत होत्या. मध्यावर शिडाची एक शिवण उसवली. हे वर बघत राहिले. मी ओरडले, "अवो, माझ्या शिवनीकडं काय बगता, वल्हं मारा!" मग दीर पाणी उपसतोय, हे वल्हं मारतायत, असे आम्ही पल्याड लागलो. मला उचलून दवाखान्यात नेलं.

दुपारी मुलगी झाली. पायांनीच आली, आणि नर्सबाईंनी पाठीवर चापट मारली तशी रडली. मी तो आवाज ऐकत पडून राहिले. मला वाटत होतं थांबेल. थांबला नाही.

सासूबाई ह्यांना सांगायला बाहेर गेल्या आणि तशाच परत आल्या. म्हणाल्या, "त्यो वसरीवर निजलाय. हलवून हलवून बगितलं. उठंना." नर्सबाई चिडल्या. ह्यांना त्या विसरल्या नव्हत्या. "बाप आहे का कोण आहे? आणा ओढून, पोरगी बघू दे त्याला." दारातून मला ह्यांचे पाय दिसत होते, चिखलानं भरलेले, ओल्या फरशीवर पसरलेले. माणूस घोरत होता. पोर गेल्यापासून ह्यांना असं झोपलेलं मी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या बाई, नका उठवू. सांजच्याला बगतील. सांजच्याला बी असंलच की ती."