खानदानी पायरिया

आमच्या घरात पायरिया झाला म्हटलं की त्यावर अपील नव्हतं. हिरडीतून रक्त आलं, पायरिया. तोंडाला वास आला, पायरिया. इलाजही ठरलेला: ब्रश बंद, गुडाखू चालू. हे तंबाखू-गुळाचं काळं मंजन हिरडीवर चोळलं की ठणका दबतो आणि माणूस खुश. आत काय सडतंय, कोण बघतो! कुहीजवळच्या आमच्या गावात वडिलांच्या तोंडाचं असंच बोळकं झालं, आत्याचंही.

आईचे दात हलायला लागले तेव्हा मी नागपुरात सरकारी नोकरीत होतो. चार बुकं शिकलेला, म्हणजे शहाणा. तिला एका दवाखान्यात नेलं आणि सांगून टाकलं, खानदानी आहे, सगळेच काढा. तिथल्या माणसानं विचारलं, न हलणारेही? म्हटलं, आज ना उद्या हलणारच.

आई हळूच म्हणाली, "आठ-दहा तं पक्के हायेत गा."

मी ऐकलं नाही. तीन-चार खेपांत तोंड रिकामं झालं, कवळी बसली. आईचे दात करून दिले म्हणून मी ऑफिसात मिरवलोही. ती तेव्हापासून फुटाणे खलबत्त्यात कुटून खाते.

यंदा माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. खरं सांगतो, घाबरलो. चाललेत आपले दात, हेच डोक्यात. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कवळी टोचते म्हणून आईलाही सोबत घेतलं.

बाईंनी बारीक सळईनं एकेक हिरडी तपासली. म्हणाल्या, पायरिया हे जुनं नाव. दाताभोवती पू होतो म्हणून तसं म्हणायचे. खरी भानगड हिरडीखाली साचून दगडासारख्या होणाऱ्या किटाची. त्यानं दात धरून ठेवणारं हाड झिजतं. ते कीट साफ केलं, रोज नीट घासलं, तर दात राहतात. मी म्हटलं, पण आमच्यात हे खानदानी आहे. त्यावर त्यांनी विचारलं, घरात गुडाखू कोण कोण घासायचं? सगळेच घासायचे. मीही घासायचो.

तुमचा एकही दात काढायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला हायसं वाटलं. अगदी लाज वाटावी इतकं.

बाजूच्या खुर्चीवर आई कवळी रुमालात धरून बसली होती. तिनं विचारलं, "मंग माहे बी वाचले असते का, बाई?"

बाईंना आमची कथा काय ठाऊक. हलत नव्हते ते तर नक्की वाचले असते, त्या म्हणाल्या. कोणी काढायला सांगितले?

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "लय दुखून राहिले होते."

बाईंनी मला परत तोंड उघडायला सांगितलं. ते मला लवकर उघडवेना.