किती दिवस झाले, कोणाला दाखवलं?

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भज्यांच्या पुडीला जाते. न छापलेली कुठेच जात नाही, साचत राहते. तीस वर्षं भंडारा जिल्ह्यात बातमीदारी केल्यावर माझ्याकडे अशा बऱ्याच साचल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या एकाच बाकावरच्या. कापगते मॅडमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातला लाकडी बाक.

कारण साधं आहे. तिथे आल्या आल्या बाहुली मोठी करणारा थेंब डोळ्यात टाकतात. मग पाऊण तास ना मोबाइल दिसतो, ना पेपर, ना शेजारचा. डोळे मिटून बसलेला माणूस बोलायला लागतो, आणि समोर कोण आहे ते दिसत नसल्यामुळे खरं बोलतो. मला मुलाखतीत तीस वर्षांत जे जमलं नाही, ते त्या थेंबाला जमतं.

मॅडमचे प्रश्न दोनच. राजा असो की रंक, "किती दिवस झाले? कोणाला दाखवलं?" उत्तर आलं की झाडाझडती सुरू.

*

मी त्या बाकावर बातमीसाठी पोचलो नाही. शहापूरजवळच्या एका राईस मिलच्या धुळीबद्दल लिहायला गेलो होतो. मालकाशी भांडताना तोंड उघडं होतं तसे डोळेही होते. भाताचं तूस डोळ्यात गेलं. सोबतचा फोटोग्राफर म्हणाला, "गिरजामायकडे चला भाऊ, दोन मिनिटांचं काम आहे."

तळ्याच्या पाळीखाली, बांधाच्या उताराला, मासेमारांचा मोहल्ला. सत्तरी ओलांडलेली गिरजामाय अंगणात जाळं विणत बसली होती. तिनं चूळ भरली, माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलं, "हलू नोको" म्हणाली आणि मला काही कळायच्या आत जिभेचं टोक पापणीच्या आतून फिरवलं. मग तळहातावर थुंकून दाखवलं. "हे पाह्य. तूस."

खरंच तूस होतं. मी तिच्या पाया पडलो.

तिसऱ्या दिवशी डोळा टमाट्यासारखा लाल. दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन."

"कोणाला दाखवलं?"

सांगितलं.

"जिभेनं काढलं?"

"हो."

"शिक्षण?"

"एम. ए."

मॅडमनी ते केसपेपरवर खरंच लिहिलं.

*

डोळा बरा झाला तसा राग चढला. आजच्या काळात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, जिभेनं डोळे पुसतात! बातमी लिहिली, फोटो काढून घेतला, मथळा ठरवला. मॅडमचं मत घ्यायला गेलो.

त्यांनी बातमी वाचली आणि घडी करून परत दिली. "छापू नका."

"का? तुमच्याच बाजूनं लिहिलं आहे."

"छापलं तर ती लपून करेल. मले ती इथं पाहिजे." मग त्यांनीच विचारलं, "एक सांगा. तुमचं डोकं धरलं तेव्हा ती बाई पाहत कुठे होती?"

आठवून पाहिलं. गिरजामाय माझ्या कानामागे कुठेतरी पाहत होती, तसं सांगितलं.

"तेच विचारून राहिले," मॅडम म्हणाल्या. "मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत असेल. तिले कोणाच्या डोळ्यात काय आहे ते दिसतच नाही, म्हणून जीभ घालते. तिचे डोळे दुरुस्त केल्याशिवाय हे बंद होणार नाही."

संपादकांनी विचारलं, बातमी कुठे आहे? म्हटलं, डॉक्टरांनी जप्त केली.

*

चष्म्याचा नंबर काढायला दवाखान्यात प्रफुल्ल आहे. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेणं हे त्याचं काम. लाखांदूरहून पहिल्या एसटीनं आलेले एक काका बाकावरून पुढच्या सहा जणांचं वाचन ऐकत बसले होते. आपली पाळी आली तशी त्यांनी शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड म्हणून दाखवली.

"पास ना?" काका म्हणाले. "आपरेशन नाही ना?"

"काका," प्रफुल्ल म्हणाला, "मी तक्त्याचा दिवा अजून लावलाच नाही."

त्या दिवसापासून, पाठांतराचा संशय आला की मॅडम तक्त्यासोबत ताटात मूठभर तांदूळ देतात. खडे निवडा. तांदूळ पाठ करता येत नाहीत.

*

तेच ताट घेऊन मॅडम एका रविवारी गिरजामायच्या अंगणात गेल्या. मी सोबत होतो, वही खिशात ठेवण्याच्या अटीवर.

"माय, यातले खडे निवडून दाखव."

गिरजामायनं ताट मांडीवर घेतलं, डोळे चक्क मिटले आणि बोटं फिरवली. पाच मिनिटांत खडे एका बाजूला. मॅडमनी चष्मा लावून तपासलं. एक राहिला नव्हता.

गिरजामायनं खडे परत तांदळात मिसळले आणि ताट मॅडमच्या हातात दिलं. "आता तू निवड. डोळे मिटून."

मॅडमचे तीन राहिले.

"तुलेच दवाखान्याची गरज आहे, बाई," गिरजामाय म्हणाली. अख्खा मोहल्ला हसला. मॅडमही हसल्या. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाल्या, "पुढच्या रविवारी परत येऊ."

पुढच्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्याही.

*

मधे एक नेत्रशिबिर झालं. आयोजक एक पुढारी. नाव लिहीत नाही, कारण शिबिराच्या फ्लेक्सवर ते भरपूर लिहिलेलं होतं. दहाची वेळ, म्हातारी माणसं आठपासून मांडवात, आणि साहेबांचा पत्ता नाही. साहेब आल्याशिवाय तपासणी सुरू करायची नाही असा निरोप. मी चिडून आयोजकांशी भांडायला उठलो. मॅडम म्हणाल्या, "बसा. तपासणी नाही करत. नुसता थेंब टाकते."

साहेब बारा वाजता आले. समोर शंभरेक माणसं डोळे गच्च मिटून बसलेली. फोटोग्राफर ओरडला, "इकडे पाहा, साहेबांकडे पाहा!" कोणी पाहीना. उजेडात डोळे उघडता येतच नव्हते. साहेबांनी मिटलेल्या डोळ्यांसमोर अर्धा तास भाषण केलं.

परतताना एका आजोबांना विचारलं, "पुढारी कसे वाटले?"

"आवाज बरा होता," ते म्हणाले.

*

आंधळगावचं एक जोडपं. दोघांत एक चष्मा, तोही वारलेल्या सासऱ्यांचा. मॅडमनी दोघांना झापलं आणि दोन वेगळे चष्मे करून दिले. महिन्याभरात बाई एकटी परत आली.

"काय झालं? नंबर चुकला?"

"नंबर बरोबर आहे," बाई म्हणाली. "ह्यायचा चष्मा तेवढा वापस घ्या. आता ह्यायले भाजीतला केस दिसून राहिला."

*

हा पुढचा किस्सा मी अनेक दिवस कोणाला सांगितला नाही.

धानकापणीच्या दिवसांत गिरजामायच्या शेजारच्या निर्मलाच्या डोळ्याला धानाचं पातं लागलं. ती गिरजामायकडे गेली. गिरजामायनं जीभ फिरवली, काही लागलं नाही. "काही नाही, जा घरी." निर्मला घरी गेली. चार दिवसांनी डोळा उघडेना, तेव्हा नवऱ्यानं दवाखान्यात आणली. बुबुळावर पांढरा डाग पसरला होता.

मॅडमनी दोन प्रश्न विचारले. उत्तर ऐकून पहिल्यांदाच त्या रागावल्या नाहीत. दर तासाला थेंब लिहून दिले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "डोळा वाचवीन. नजर किती वाचते ते आत्ता सांगत नाही."

मी उठलो. मथळा अजून डोक्यात तयार होता. आता मात्र छापणारच, असं मॅडमना सांगायला आत शिरलो, तर दारात गिरजामाय. काठी टेकत, भिंत चाचपत एकटीच आली होती.

"पांढरं होतं म्हणतेत," ती म्हणाली. "मले दिसलं नाही."

मी दारातून बाजूला झालो, तिला आत घेतलं.

"थेंब मी टाकतो तिच्या डोळ्यात," गिरजामाय म्हणाली. "तिचा नवरा कामावर जाते. माहं घर बाजूले आहे."

"माय, तुले दिसत नाही."

"थेंब पडला का नाही, ते बोटाले समजते. पापणी सांगते."

मॅडमनी तिच्याकडून पाण्याचे वीस थेंब प्रफुल्लच्या डोळ्यात टाकून घेतले. एकही गालावर पडला नाही. मग हात साबणानं कसे धुवायचे ते शिकवलं, आणि बाटली दिली. कापणी संपली, मळणी झाली, तरी गिरजामाय दर तासाला अंगण ओलांडत होती. निर्मलाचा डोळा वाचला. नजर पूर्ण नाही, पण सुईत दोरा ओवते.

जीभ त्या दिवसापासून बंद. डोळ्यात काही गेलेला माणूस अंगणात आला की गिरजामाय त्याचा हात धरते आणि ऑटोत बसवून दवाखान्यात आणते. प्रफुल्ल दारातूनच विचारतो, "माय, तू याले आणलं का यानं तुले?"

आणि मॅडम प्रत्येक वेळी विचारतात, "तुझं ऑपरेशन कधी?"

*

शेवटी ती हो म्हणाली. का, ते सांगितलं नाही. निर्मला सोबत आली, केसपेपर निर्मलानंच वाचून दाखवला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मी पेपरचं काम सोडून तिथे होतो. वही खिशातच.

मॅडमनी पट्टी सोडली, डोळा हळूच पुसला. गिरजामायनं उघडला, मिटला, परत उघडला. प्रफुल्लनं बोटं वर केली. "माय, किती?"

तिनं प्रफुल्लकडे पाहिलंच नाही. आधी निर्मलाची हनुवटी धरून तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. त्या डोळ्यातला डाग बराच वेळ पाहिला. निर्मला म्हणाली, "आता दुखत नाही, माय." गिरजामायनं मान हलवली आणि तिची हनुवटी सोडली.

मग वाकून उभ्या असलेल्या मॅडमकडे वळली. त्यांचा चष्मा स्वतःच्या हातानं काढला, बाजूला ठेवला आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली.

"नाकाच्या बाजूनं मांस वाढून राहिलं तुह्या डोळ्यात," ती म्हणाली.

प्रफुल्ल वाकून पाहायला लागला.

गिरजामाय खाटेवर सरकली, जागा केली आणि हातानं गादी थोपटली.

"बस अठी, बाई. किती दिवस झाले? कोनाले दाखवलं?"