सातव्या कड्याचा फोटो

सासरे गेले, आणि बायकोने आईला पुण्याहून आमच्याकडे दिल्लीला आणलं. बायको केंद्र सरकारच्या नोकरीत. सकाळी लवकर निघायची. माझं ऑफिस मानेसरला, पण आठवड्यातले बरेच दिवस मी घरूनच काम करायचो. त्यामुळे दिवसभर घरात सासूबाई आणि मी, दोघंच. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं बोलणं "चहा ठेवू?" आणि "हो, चालेल" यापलीकडे गेलं नव्हतं. मी हॉलमध्ये आलो की त्या उठून आत जायच्या. मी मीटिंगमध्ये असलो की शिट्टी नको म्हणून कुकर लावायच्या नाहीत.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली.

"अहो, जरा येता का? बाथरूममध्ये वाणी शिरलीय."

मी लहानपणापासून दिल्लीत वाढलेला. माझ्या मराठीत वाणी म्हणजे किराणा दुकानदार. आत नेमकं कोण शिरलंय ते न कळताच मी धावलो. नळाखाली करंगळीएवढी तपकिरी कीड चालली होती, पायांच्या बारीक लाटा उठवत.

"अच्छा, गिजाई!"

"गिजाई म्हणतात इथे?" त्यांना गंमत वाटली. "मारू नका हं. चावत नाही ती."

मारायचं माझ्या मनातही नव्हतं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि सासूबाईंनी तिला सुपलीत घेऊन बाल्कनीतल्या कुंडीत सोडलं. लोक आपल्या परिसरातल्या जिवांच्या नोंदी करतात अशी एक वेबसाइट आहे. तिथे पक्ष्यांचे फोटो मी कधीमधी टाकायचो. हाही टाकला. संध्याकाळी कुणा अनोळखी अभ्यासकाचं उत्तर आलं: वरून काढलेल्या फोटोवरून सांगता येणार नाही, पोटाकडचा हवा, आणि नर सापडला तर सातव्या कड्याचा, म्हणजे डोक्याकडून सातव्या वळ्याचा, अगदी जवळून.

कुंडीतली वाणी तोवर मातीत कुठे गेली होती कोण जाणे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या रिजवर, म्हणजे जंगलाच्या टेकडीवर, जायचं ठरवलं. चपला घालत होतो तेव्हा सासूबाई दाराशी आल्या.

"मी येऊ?"

त्या पायात बूट आणि हातात माकडांसाठी काठी घेऊनच उभ्या होत्या.

विलायती कीकरांखाली, म्हणजे वेड्या बाभळींखाली, ओला पालापाचोळा होता. आम्ही दोघं वाकून तो सारत होतो. फिरायला आलेले लोक वळून बघत होते. चौकीदार जवळ आला. "माताजी, कुछ खो गया क्या?"

"खोया नहीं," सासूबाई म्हणाल्या, "ढूँढ रहे हैं." तो विचारात पडून निघून गेला.

एका कुजक्या ओंडक्याखाली वाणी सापडली. सासूबाईंनी ती उचलून तळव्यावर उलटी धरली. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. मी मोबाइलला लेन्स लावून फोटो काढू लागलो.

"सातव्याच कड्याचा का?" त्यांनी विचारलं.

नराच्या त्या कड्यावर चालायच्या पायांऐवजी दुसरंच काही असतं, हे सासूबाईंना कसं सांगायचं? "तिथं ओळख पटते," मी पुटपुटलो.

त्यांनी लेन्समधून नीट पाहिलं. "इथले पाय दिसत नाहीत. म्हणजे हा नर. सांगायला काय झालं? आमच्याकडे गोठा होता." आणि त्या मोठ्याने हसल्या. आमच्या घरी आल्यापासून मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो. वाणीने सोडलेल्या रसाने त्यांच्या बोटांवर आयोडीनसारखे डाग पडले होते. ते नंतर चार-पाच दिवस साबणाने निघाले नाहीत.

मग आमचं जाणं रोजचंच झालं. पिवळ्या कडांची चपटी वाणी मिळाली, भिंतीच्या कडेने झुंडीने चाललेल्या लालसर बारक्या मिळाल्या. सासूबाई शोधायच्या, मी फोटो काढून नोंद करायचो. उत्तरं यायची ती बहुतेक "कुळ कळलं, जात नाही" अशीच.

पाऊस सरत आला तेव्हाची गोष्ट. मी एक दगड उचलला. खाली मातीची छोटी पोकळी होती, आणि तिच्यात वेटोळं घातलेली एक पांढरीफटक, मऊ वाणी. कात टाकत होती. असा फोटो सहजी मिळत नाही. मी मोबाइल काढला.

"ठेवा तो दगड परत," सासूबाई म्हणाल्या.

"एकच काढतो."

"नको. ओली आहे अजून."

आजवर त्यांनी मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मी जरा चरफडलो, पण दगड हळूच होता तसा ठेवला. आम्ही बाकावर बसलो. त्या म्हणाल्या, "मला घरी जायचंय. पुण्याला. लेकीला सांगितलं की ती रडते. तुम्ही सांगाल?"

"इथे काही कमी पडतंय का?"

"काही नाही हो. पण माझं घर आहे तिथे."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बायकोला सांगितलं. ती भडकली. "तिला एकटीला पाठवू? यार, तू माझ्या बाजूने की तिच्या?"

"या बाबतीत त्यांच्या," मी म्हणालो. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तिने दोघींची तिकिटं काढली.

ती आईबरोबर गेली, पंधरा दिवस राहिली, घर लावून दिलं, शेजारी किल्ली ठेवली आणि परत आली. "बरी आहे," एवढंच म्हणाली. त्यानंतरच्या रविवारी पहाटे मी टॉर्च घेऊन रिजवर निघालो तर तीही आली. ती पाल्याला हात लावत नव्हती, टॉर्च भलतीकडेच धरत होती. मला काही सापडेना.

"आई इथे तुझ्याशी काय बोलायची?" तिने विचारलं.

"फारसं काही नाही," मी म्हटलं. "बघायच्या."

तिने टॉर्च बंद केला, वाकली, आणि समोरची पानं बोटाने बाजूला करू लागली.