आडनाव शेवटी विचारणारे मामा

नायगावच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली पाच-सहा अर्जनवीस टेबलं टाकून बसत. त्यांत आमचे मामा तेवढे असे, की जे माणसाला आडनाव सगळ्यात शेवटी विचारायचे. आपल्याकडे आडनाव कळल्याशिवाय पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे सरकत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. मामा मात्र आधी नाव, मग काम, मग "च्या घेतला का?" आणि सगळी दरखास्त लिहून सहीपाशी आली की मान खाली घालूनच, "हां, आता आडनाव सांगा." एकदा एका पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या गृहस्थाने आल्या आल्या आपलं आडनाव सांगितलं, आणि परिणाम दिसेना म्हणून पुन्हा सांगितलं. मामा म्हणाले, "ते काय पळून चाललंय का? आधी काम सांगा." गृहस्थ तणतणत शेजारच्या टेबलाकडे गेले.

मामा माझे सख्खे नव्हेत. बौद्धवाड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझी आई अंगणवाडीत सेविका, वडील लवकर गेले, त्यामुळे माझ्या शाळेपासूनचा प्रत्येक कागद मामांच्या हातून गेला. अक्षर असं, की तहसीलमधले कारकून अर्ज बघूनच ओळखत. आणि खाडाखोडीचा त्यांना भयंकर तिटकारा. एक अक्षर चुकलं तरी अख्खा कागद फाडायचे आणि मामींच्या चुलीला द्यायचे. मामी म्हणायच्या, "यांच्या चुकांवर माझा सैपाक होतोय."

त्यांची नोकरी गेली ती एका रकान्यापायी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी केंद्राच्या एका खात्यात त्यांची निवड झाली होती. त्या काळी बौद्ध लिहिलं की केंद्राची सवलत जायची, म्हणून आमचे कितीतरी लोक घरात बौद्ध आणि कागदावर हिंदू असे राहत. कारकुनाने भलेपणाने सांगितलं, धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा, खाली जुनी जात लिहा, लगेच काम होतं. मामांनी दोन्ही रकान्यांत ठळक अक्षरांत 'बौद्ध' लिहिलं. "आज्यानं जी जात टाकून दिली, ती म्या वेचून आणू का?" असं म्हणाले म्हणे. पुढे कायदा बदलला, पण तोवर मामांचं वय निघून गेलं होतं. वाड्यातले जाणते लोक त्यांचं उदाहरण देत, आणि मी त्या उदाहरणावर वाढले. मामी त्या सगळ्या वर्षांत दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जात होत्या, हे त्या उदाहरणात कोणी सांगत नसे.

मामा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. अमेरिका आणि चीन यांची संगणकातल्या चिपवरून जुंपली, तेव्हा नखाएवढ्या त्या वस्तूसाठी एवढे मोठे देश भांडतात याची त्यांना गंमत वाटायची. म्हणायचे, "दोन पाटलांचं भांडण असतंय. तुडवला जातो मधला बांध." त्याच सुमारास चिनी मालाविरुद्ध गावात जोर आला होता. एक दिवस चार पोरं टेबलाशी आली. बाजारात मोमोची गाडी लावणारा माणूस चिनी आहे, त्याला हटवा, अशी दरखास्त त्यांना हवी होती. मामांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं, उठून गाडीपर्यंत चालत गेले, त्या माणसाचं नाव विचारलं, तीन वेळा घोकून नीट म्हटलं आणि परत आले. तो मिझोरामचा होता. "लिव्हतो की दरखास्त," मामा म्हणाले, "पण कारण लिव्हावं लागंल. आम्ही खालील सह्या करणारे नाक बघून देश ओळखतो. चालंल? कोण करून राहिलं सही?" पोरं एकमेकांकडे बघत सटकली. जाताना एकाने खिशातून फोन काढला, तर मामा ओरडले, "तो कुठं तयार झाला तेबी वाचून जा!"

नांदेडला इंजिनिअर होऊन मी पुढे अमेरिकेत याच चिपच्या संशोधनाला गेले. तिथल्या पहिल्याच अर्जात वंशाचा रकाना होता. आता यात काय भरायचं, म्हणून मी हसत मामांना फोन लावला. गोरे, काळे, आशियाई असं सगळं वाचून दाखवलं, आणि शेवटी 'सांगण्याची इच्छा नाही' असाही एक चौकोन आहे म्हणाले.

"असा रकाना असतो?" मामांनी हळूच विचारलं.

"हो मामा. तिथं खूण करू?"

"न्हाई, तू सांग. आपल्याला काय लपवायचंय? पण न सांगायची सोय ठेवलीय, हे लई झालं गं."

मी 'आशियाई'वर खूण केली. माझ्या शेजारच्या टेबलावरची लिन चीनमधून आली होती, तिनेही तिथेच केली. दोन वर्षं आम्ही एका यंत्रावर काम केलं. खरं सांगायचं तर काम तिचं, मी तिच्या हाताखाली शिकले. मग दोन्ही देशांचे नियम कडक झाले आणि एका सकाळी लिनच्या कार्डाने प्रयोगशाळेचं दार उघडेना. तिने काही चोरलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. आमच्या दोघींची खूण एकाच चौकोनात होती, पण दार माझ्यासाठी उघडत होतं.

कामाचा अहवाल द्यायचा होता. विभागप्रमुख सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, फक्त तुझं नाव घाल, तिचं दिसलं तर चौकशी लागेल आणि तुझ्या व्हिसाची मुदतवाढ अडकेल. "तुमच्या देशाची आम्हाला काही अडचण नाही," असंही म्हणाले. मला क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

मी मामांना फोन केला. सगळं सांगितलं. खरं तर मला उत्तर माहीत होतं, फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मामा कडुलिंबाखालीच होते, मागे लोकांचा गलका ऐकू येत होता.

"मला इचारू नको बाई," ते म्हणाले. "माझ्या हट्टापायी तुझी मामी तीस वर्सं उन्हात वाकली. तुझ्या मायनं लई भोगलंय. मी काय सांगू?"

"पण मामा, तुम्ही तर..."

"फोन ठिवतो. गिऱ्हाईक आलंय."

मला त्यांचा राग आला. असा राग की दोन महिने मी फोन केला नाही. अहवालात मी लिनचं नाव घातलं, माझ्या नावाच्या आधी. चौकशी लागली, मुदतवाढ मिळाली नाही, मी परत आले. आता नांदेडच्या एका कॉलेजात शिकवते.

गावी गेले तेव्हा मामा थकले होते. "मुदत संपली, आले," एवढंच मी म्हणाले. खरं सांगितलं असतं, तर ही पोरगीही माझ्याच हट्टावर गेली, असं त्यांना वाटून जिवाला लागलं असतं. मामांनीही काही विचारलं नाही. तिथलं हवामान विचारलं, पगार विचारला, लिनचं नाव काढलं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं. मग दोन वर्षं आम्ही भेटलो की दुसऱ्याच गोष्टी बोलायचो.

मागच्या थंडीत मामा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, मी आणि मामी सतरंज्या घडी करत होतो. मामी एकदम म्हणाल्या, "तुझा तो फोन आला होता बघ, कोण्या चिनी पोरीपायी. त्या दिवशी टेबल गुंडाळून दुपारीच घरी आले. जेवले न्हाईत. म्हणाले, पोरीला 'लिव्ह' म्हणायला पायजे होतं, मला भ्या वाटलं. आयुष्यभर म्या कुणाला भ्यालो न्हाई, अन् नेमकं तिच्या येळेला भ्यालो. जाईपर्यंत तेच होतं त्यांचं. तू आलीस की इचारतो म्हणायचे, अन् इचारायचे न्हाईत."

मी हातातली सतरंजी खाली ठेवली.

"मामी, मी लिहिलं होतं. तिचं नाव लिहिलं होतं. म्हणूनच परत आले."

मामींनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मंग सांगायचं न्हाई का गं बाई त्यांना?"