भिंत आहे असं समजून

वहिनी दिवाबत्ती खात्यात मुख्य लिपिक, आणि शेजारच्या नळपाणी खात्यात मुख्य लिपिक त्यांची सख्खी नणंद. दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती आणि नात्याची तब्येत ठणठणीत होती ती तिच्याच कृपेने. वहिनींना सगळं ऑफिस वहिनी म्हणायचं. नवरा काहीच म्हणायचा नाही. त्याची हिंमत नव्हती.

तर झालं काय, सरकारच्या मुख्य कारभाऱ्यांना नव्या कायद्याने अधिकार मिळाला की कुठलंही खातं कुठल्याही खात्याला जोडा, तोडा, बुडवा. अट एकच, आधी सभागृहाचा होकार घ्या. कारभारीसाहेबांनी उत्साहाच्या भरात दिवे आणि पाणी जोडायची योजना धाडली. एक खातं, एक मुख्य लिपिक. नळपाणी खातं जुनं, म्हणून खुर्ची नणंदबाईंची. वहिनी त्यांच्या हाताखाली.

वहिनींनी रात्री जेवता जेवता ताट बाजूला सारलं. घरी वन्संपुढे गप्प बसते ती माणुसकी म्हणून, आता ऑफिसातही पगारी गप्प बसायचं का, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. एकीकडे बहीण, एकीकडे बायको. त्या शहाण्याने पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा होता.

त्यात बांधकाम खात्याला दम धरवेना. होकार येणारच म्हणून गवंड्यांनी सुट्टीच्या दिवशी भिंत पाडून टाकली. दुसऱ्या दिवशी एकच गहजब. होकाराशिवाय भिंत पाडता येत नाही, म्हणजे कायद्याने ती पडलेलीच नाही. अधीक्षकांनी हुकूम काढला, होकार येईपर्यंत भिंत आहे असं समजून वागावं.

लोक वागले. सरकारी नोकरांना असलं काही शिकवावं लागत नाही. टाचण्यांचा डबा हाताच्या अंतरावर असला तरी व्हरांड्यातून वळसा घालून, दारावर टकटक करून आणायचा. नणंद-भावजय समोरासमोर बसून एकमेकींना फोन करू लागल्या. शिपायाने कॅलेंडर कुठे टांगू विचारलं, तर अधीक्षक खरंच विचारात पडले.

मग सभागृहाची समिती पाहणीला आली. पोटाने आणि मानाने मोठे असलेले अध्यक्ष सरळ मधूनच निघाले.

"साहेब, भिंत आहे," वहिनी म्हणाल्या.

अध्यक्ष थबकले, मागे फिरले आणि व्हरांड्यातून धापा टाकत वहिनींकडे पोचले. तिथे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण हो म्हणायच्या आधीच कुणीतरी काम उरकलंय. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच रागात त्यांनी वहिनींना विचारलं, ही खाती एकत्र नांदतील का?

वहिनींनी "कधीच नाही" घोकून ठेवलं होतं. पण समोर नणंदबाईंचं पेन हवेत थांबलेलं, कपाळ घामाने डबडबलेलं. रस्ता खणायचा तर दिवे आणि नळ मिळूनच खणायचे, हे दोघी वर्षानुवर्षं निभावत आलेल्या. खोटं बोलवेना, आणि खरं बोलावं तर खुर्ची जाते.

"खाती नांदतील, साहेब," त्या म्हणाल्या. "पण खुर्ची एकीचीच झाली तर आम्ही नाही नांदणार."

"वहिनी खरं बोलल्या हो," पलीकडून नणंदबाई म्हणाल्या. भिंत असताना ऐकू आलंच कसं, म्हणून अधीक्षकांनी त्यांना समज दिली.

सभागृहाने योजना फेटाळली. आमच्या मानाचं काय, म्हणून. कारभारीसाहेबही हटणारे नव्हते. दुसरी योजना आली: खातं एक, खुर्ची एक, आणि दोघी आठवड्याआड आळीपाळीने मुख्य. सभागृहाने, बहुधा जेवणाची वेळ झाल्यामुळे, हो म्हटलं. भिंत त्या दिवशी कायद्याने पडली.

पहिली पाळी वहिनींची. तुंबलेल्या तक्रारींचा ढीग नणंदबाईंकडे ढकलायला त्यांनी उचलला आणि हात जागीच थांबला. पुढच्या सोमवारी हाच ढीग दामदुपटीने आपल्या टेबलावर! गुपचूप अर्धा अर्धा केला. नणंदबाईंनीही आपल्या पाळीत तेच केलं. आता कुणी कुणाला हुकूम सोडत नाही, खुर्चीला तर शिवतही नाही.

"बसा ना, वन्सं."

"छे हो, वहिनी, पाळी तुमची."

"असली म्हणून काय झालं?"

कामं मात्र वेळच्या वेळी होतात. परवा ही कमाल बघायला कारभारीसाहेब स्वतः आले. इथला मुख्य कोण, असं विचारल्यावर दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. जिने चढून साहेब दमले होते. रिकामी खुर्ची दिसली, तिच्यावर बसले.

दोघींचा जीव भांड्यात पडला.